कोवळं ते कोवळंच राहावं म्हणून



या आठवड्याच्या टपालात एका भगिनीचं पत्र आलं आहे. प्रश्न भाजीचा आहे, पण पत्र वाचून मन जरा हळवं झालं. म्हणून इतर पत्रं बाजूला ठेवून आज याच एका पत्राला सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं. त्या लिहितात :

“ताई, माझे धाकटे दीर मुंबईला नोकरीला असतात. गुरुवारी ते घरी आले, ते ॲस्परॅगसच्या दोन जुड्या घेऊनच. ‘वहिनी, मित्राकडे खाल्ली होती, फार छान लागते, करून बघा,’ म्हणाले. भाजी महागाची. रविवारी नणंदबाई आणि त्यांचे यजमान जेवायला यायचे होते, तेव्हाच करू म्हणून मी ती राखून ठेवली. फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून जुड्या रबरबँडसकट भाजीच्या जाळीत ठेवल्या. खाली केळी होती, वर ही. रविवारी केली, तर शेंड्यांचा झाला लगदा आणि बुडखे राहिले काड्यांसारखे. मी आणखी शिजवली, तरी काड्या त्या काड्याच. प्रत्येकाच्या ताटाच्या कडेला चोथा. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘एवढी महागाची भाजी, पण हिला शिजवता आली नाही.’ शिजवण्यात माझं कुठे चुकलं?”

अहो, शिजवण्यात तुमचं काहीच चुकलं नाही! ती भाजी रविवारी कढईत पडायच्या आधीच निबर झाली होती. अगदी बल्लवाचार्य जरी तुमच्या ओट्याशी उभे राहिले असते, तरी त्या काड्या मऊ झाल्या नसत्या. चूक झाली ती गुरुवार ते रविवार या तीन दिवसांत. आणि ती चूक आपल्यापैकी कितीतरी जणी करतात. ॲस्परॅगसच्या बाबतीत नसेल, पण गवार, भेंडी, मटार यांच्या बाबतीत तर नक्कीच.

तोडली तरी भाजी जिवंत असते

आधी ही भाजी म्हणजे काय ते सांगते. ॲस्परॅगस म्हणजे जमिनीतून वर येणारा कोंब. वीतभर वाढला, की पानं फुटायच्या आत तो कापून घेतात. आपल्याकडे औषधात वापरतात ती शतावरी याच कुळातली. पण तिची मुळं वापरतात, याचे कोंब. पुष्पगुच्छात पिसांसारखा नाजूक हिरवा पाला घालतात ना, तोही याचाच नातेवाईक. मात्र कुंडीतल्या त्या शोभेच्या झाडाचे कोंब तोडून भाजी करायला जाऊ नका हं! ते खाण्यासाठी नव्हेत.

आता कोंब म्हटला की त्याला वाढायची घाई. कापल्यावरही ती घाई थांबत नाही. मुळाकडून येणारं अन्नपाणी बंद झालेलं असतं, पण कोंब श्वास घेतच असतो आणि त्यासाठी स्वतःच्या अंगातली साखर जाळत असतो. सगळ्या भाज्यांत ज्यांचा हा श्वास अतिशय जलद चालतो, त्यांत ॲस्परॅगसचा नंबर अगदी वरचा. म्हणून उकाड्यात ठेवलेल्या जुडीची गोडी एका दिवसातच बरीच उतरते. त्याच वेळी कापलेल्या टोकाकडून वरवर लाकूड बनायला लागतं. हे उपमा म्हणून म्हणत नाही, बरं का. लाकडाला जे कठीणपण देतं, ते लिग्निन नावाचं द्रव्य खरोखरच देठात साठत जातं. आणि लिग्निन काही शिजून मऊ होत नाही. तुम्ही आणखी दहा मिनिटं शिजवलीत, तेव्हा कोवळ्या शेंड्यांचा लगदा झाला आणि बुडखे तसेच राहिले, त्याचं कारण हेच.

हा सगळा खेळ उष्णतेचा. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं, की भाजीचा श्वास दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणजे ३० अंशांच्या स्वैपाकघरात भाजीचा एक दिवस जातो, तो थंडाव्यातल्या कितीतरी दिवसांइतका असतो. व्यापारी ही भाजी ० ते २ अंशांवर आणि भरपूर दमट हवेत ठेवतात, तेव्हा ती दोन-तीन आठवडे टिकते. आपल्या घरच्या फ्रीजमध्ये चार-पाच दिवस छान राहते. जाळीत मात्र दुसऱ्या दिवशीच तिचा नूर जातो.

आणि ती खालची केळी! पिकणारी केळी, आंबे, सफरचंदं, पपया, टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो. फळं पिकायला तो उपयोगी, पण ॲस्परॅगस त्यामुळे आणखी लवकर निबर होते. कोथिंबीर पिवळी पडते तीही त्यानेच. तेव्हा पिकती फळं आणि कोवळी भाजी यांचा शेजार नको.

घेताना काय बघावं

शेंडा घट्ट मिटलेला असावा. उमलल्यासारखा, ओलसर किंवा वास येणारा नको. देठ ताठ हवा. कापलेलं टोक पांढरट वाळकं, चिरलेलं दिसलं, तर ती जुडी बरेच दिवस हिंडून आलेली आहे असं समजावं. दोन कोंब एकमेकांवर घासले की ताज्या भाजीचा ‘कुरकुर’ आवाज येतो. जाड कोंब म्हणजे जून असा समज मात्र करून घेऊ नये. कोंबाची जाडी झाडाच्या वयावर आणि जोमावर असते. जाड पण ताजा कोंब हा बारीक पण शिळ्या कोंबापेक्षा केव्हाही कोवळा. फक्त एका पातेल्यात साधारण एकाच जाडीचे कोंब घ्यावेत, म्हणजे सगळे एकदम शिजतात.

घरी आणल्यावर

पिशवी ओट्यावर ठेवून आधी चहा, मग गप्पा, मग भाजी, असं करू नये. आल्या आल्या ही पाच मिनिटं काढावीत :

१. रबरबँड काढून टाकावं. त्याखाली देठ दबतात आणि तिथूनच सडायला लागतात.

२. बुडखे बोटाच्या पेरापेक्षा थोडे कमी, एक-दीड सेंटिमीटर, धारदार सुरीने कापावेत.

३. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत किंवा उंच पेल्यात दोन बोटं गार पाणी घालून त्यात जुडी उभी ठेवावी, फुलदाणीत फुलं ठेवतो तशी. वरून प्लॅस्टिकची पिशवी सैलसर पांघरावी. गच्च बांधू नये.

४. बरणी फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवावी. दारात नको, कारण दार सतत उघडझाप होतं आणि तिथे थंडावा कमी असतो. पाणी रोज बदलावं.

५. शेंडे कोरडे राहू द्यावेत. भाजी धुवायची ती चिरायच्या आधी, ठेवायच्या आधी नव्हे. शेंड्यात पाणी राहिलं की तो आधी कुजतो.

उंच बरणी मावत नसेल, तर सुती फडकं भिजवून घट्ट पिळावं, फक्त बुडख्यांभोवती गुंडाळावं आणि जुडी सैल पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवावी. आडवी ठेवली तर दोन दिवसांनी शेंडे वर वळलेले दिसतील. घाबरू नका, भाजी बिघडलेली नाही. कोंब अजून आकाश शोधतो आहे, इतकंच!

जर्मनीत पांढऱ्या ॲस्परॅगसचं मोठं कौतुक असतं. मातीचे उंच वरंबे करून कोंबाला ऊन लागूच देत नाहीत, म्हणून तो पांढरा राहतो. वसंत ऋतूत निघणारी ही भाजी रिवाजाप्रमाणे २४ जूनला तोडायची थांबवतात, म्हणजे पुढच्या वर्षासाठी झाडाला बळ धरता येतं. तिथल्या गृहिणीही ती ओल्या फडक्यात गुंडाळूनच फ्रीजमध्ये ठेवतात. देश कोणताही असो, युक्ती तीच.

करताना

खालच्या तिसऱ्या हिश्शाचं साल सोलाण्याने हलकेच काढावं. देठ वाकवून जिथे मोडेल तिथून खालचं टाकून द्यायची पद्धत आहे, पण त्यात बरंच चांगलंही वाया जातं. सोललेलं बरं. मग बोटभर लांबीचे तुकडे करून बुडख्यांचे तुकडे आधी टाकावेत आणि शेंडे सगळ्यांत शेवटी. चमचाभर तेलात किंवा लोण्यात ठेचलेली लसूण, मीठ, मिरपूड. चार-पाच मिनिटांत भाजी तयार. झाकण ठेवून गाळ करू नये.

ही भाजी खाल्ल्यावर लघवीला निराळाच वास येतो, असं काहींच्या लक्षात येईल. तो या भाजीचा गुणच आहे, आजार नव्हे. घरात कुणी घाबरू नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि निबर झालीच, तर? टाकू नका. तुकडे करून एक बटाटा, एक कांदा घालून कुकरमध्ये शिजवा, वाटा आणि गाळणीतून गाळून घ्या. चोथा गाळणीत राहील, रस पातेल्यात. दूध, मीठ, मिरपूड घातलं की सूप झालं. रविवारी हे मला विचारलं असतंत तर तुमची अब्रू वाचली असती!

आपल्या रोजच्या भाज्या

आता म्हणाल, ‘ताई, ॲस्परॅगस आमच्याकडे वर्षात एकदा आली तर आली.’ खरं आहे. पण हेच शास्त्र रोजच्या भाज्यांना लागू आहे. फक्त प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

*कोथिंबीर* अगदी ॲस्परॅगससारखी. जुडी सोडावी, पिवळी आणि सडकी पानं काढावीत, मुळं किंवा देठ पाण्यात बुडतील अशी पेल्यात उभी ठेवावी आणि वर सैल पिशवी घालावी. पाणी बदलत राहिलात तर आठवडाभर सहज टिकते.

*मेथी, पालक* न धुता निवडावी आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवावी. पानांवर पाणी राहिलं की चिखल झालाच.

*मटार आणि मक्याची कणसं* यांचं दुखणं म्हणजे साखर. तोडल्यापासून त्यातली साखर कमी कमी होत जाते, बरीचशी पिठूळ होते. म्हणून आज आणलेला मटार गोड लागतो आणि तीन दिवसांनी तोच पिठासारखा लागतो. ही दोन्ही त्याच दिवशी करावीत, नाहीतर लगेच थंडाव्यात टाकावीत.

*भेंडी* मात्र उलट स्वभावाची! तिला फार थंडी सोसत नाही. साधारण ७ अंशांच्या खाली काही दिवस राहिली, तर तिच्यावर काळे डाग पडतात आणि ती बुळबुळीत होते. म्हणून भेंडी न धुता, पुसून, कागदी किंवा कापडी पिशवीत घालून फ्रीजच्या सगळ्यांत कमी थंड कप्प्यात ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. वांगी आणि काकडी तर तिच्याहून नाजूक. दोन दिवसांत करायची असतील तर सावलीत, गार जागी बाहेरच बरी.

*गवार आणि फरसबी* कोरड्याच पिशवीत ठेवाव्यात. दोन-तीन दिवसांपलीकडे राखू नयेत. *शेवग्याच्या शेंगा* लांब असतात म्हणून बाहेरच वाळत पडतात. त्यांचे तुकडे करून फडक्यात गुंडाळून ठेवावेत.

*मुळा, बीट, गाजर* पाल्यासकट आणलंत तर पाला लगेच कापून वेगळा करावा. पाला मुळातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. मुळ्याच्या पाल्याची भाजी त्याच दिवशी.

फ्रीज नसेल, वीज जात असेल तर

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या मैत्रिणींसाठी एक जुनी पण खात्रीची युक्ती. दोन मातीच्या कुंड्या घ्याव्यात, एक मोठी, एक लहान. मोठीच्या तळाशी वाळूचा थर द्यावा, त्यावर लहान कुंडी ठेवावी आणि मधल्या जागेत वाळू भरावी. लहान कुंडीला भोक असेल तर ते बुजवावं. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवावी. आत भाजी ठेवून वर ओलं गोणपाट झाकावं आणि सगळं सावलीत, वारा लागेल असं ठेवावं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठाचं पाणी गार होतं तसंच. दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने १९८० च्या दशकात याच तत्त्वावर विटा आणि वाळूचा, विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा १० अंशांहूनही जास्त थंडावा मिळतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे तिथे याचा फारसा उपयोग नाही. तिथे ‘आज आणा, आज करा’ हेच बरं.

जास्त दिवस ठेवायची असेल तर

फ्रीझर असेल तर हंगामात थोडी जास्त भाजी घ्यायला हरकत नाही. पाणी खळखळ उकळावं. त्यात ॲस्परॅगस बारीक असेल तर २, मध्यम असेल तर ३ आणि जाड असेल तर ४ मिनिटं टाकावी. सोललेल्या मटाराला दीड मिनिट पुरे. लगेच बर्फाच्या पाण्यात तितकाच वेळ बुडवावी. मग पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी करावी आणि पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये टाकावी. उकळत्या पाण्याने भाजीतली ती वाढीची घाई थांबते, म्हणून ही पायरी गाळू नये. गोठवलेली ॲस्परॅगस ताजीसारखी ताठ राहत नाही, पण सूप, पुलाव, मिश्र भाजीला उत्तम.

आता शेवटचं

माझं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी गवार स्वस्त मिळाली म्हणून मी दोन किलो घेऊन आले आणि ओल्या फडक्यात बांधून चार दिवस पुरवून पुरवून केली. चौथ्या दिवशी मामंजींनी एक शब्द न बोलता दोरे काढून ताटाच्या कडेला ठेवले. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईही तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढच्या बाजाराला मात्र मला बरोबर घेऊन गेल्या. गवारीची एक शेंग माझ्या कानाशी मोडून म्हणाल्या, “आवाज ऐक. मोडली तर घे, वाकली तर ठेव. आणि दोन दिवसांची घे, चार दिवसांची नको. भाजी बाजारात जमते, चुलीवर नुसती शिजते.”

आज इतकी वर्षं संसार करून मला वाटतं, त्यांनी मला त्या दिवशी भाजी घ्यायला शिकवलंच, शिवाय चारचौघांत मला काही बोलल्या नाहीत, हेही शिकवलं.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं सांगणं असं. हा लेख सासूबाईंनाही वाचून दाखवा. माझं नाव सांगा आणि म्हणा, ‘आई, ताई म्हणतात, भाजी मी बिघडवली नाही, ती तीन दिवसांत बिघडली.’ त्यांनाही ही गोष्ट कुणी सांगितलेली नसणार. मग पुढच्या वेळी दोघी मिळून बरणीत जुडी उभी करा.

आणि आणखी एक. चांगली वस्तू आली की ती पाहुण्यांसाठी राखायची, ही आपणा बायकांची सवयच. साखरेचे लाडू राखता येतात, कोवळी भाजी राखता येत नाही. दिरांनी एवढ्या लांबून, वहिनीला आवडेल म्हणून आणलेली ती जुडी गुरुवारी रात्रीच केली असती, तर सात जणांच्या वाट्याला चार-चार तुकडे आले असते, पण ते लोण्यासारखे! आणि त्यातले चार तुमच्या ताटात पडले असते. नणंदबाईंसाठी रविवारी सकाळी ताजी वांगी आणून भरली असतीत, तरी त्या खूश होऊनच गेल्या असत्या.

तुमच्याकडे भाज्या कोवळ्या ठेवण्याच्या काही युक्त्या असतील तर जरूर लिहून कळवा. विशेषतः कोकणातल्या आणि गोव्यातल्या मैत्रिणींनी पावसाळ्यात पालेभाजी कशी टिकवतात ते लिहावं. निवडक युक्त्या याच सदरात देऊ.

तोवर, बाजारातून आल्यावर चहाचं आधण ठेवायच्या आधी ती पाच मिनिटं भाजीला द्यायला विसरू नका!

तुमची,
ताई